डावं मागचं चाक

मयुरीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा आंब्याचे दिवस होते, आणि आता शेतांतून धान कापायला आलं होतं. मयुरी माझी नात, माझ्या मुलीची, ललिताची मुलगी. नागपूरला नोकरी करते. मला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि जेवढं ऐकू येतं त्यावर काय बोलावं ते वेळेवर सुचत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून काही महत्त्वाचं असलं की ती पत्र लिहिते. वारासिवनीच्या हिंदी शाळेत शिकलेली मुलगी, पण माझ्यासाठी मराठीत लिहिते, अडखळत.

तिने लिहिलं होतं की तिने एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली आहे. दोनच माणसं बसतात अशी, निळी, जमिनीला चिकटून चालणारी. आईबाबा म्हणतात, विकून टाक, एक दिवस जीव घेईल. ऑफिसातले हसतात. पत्राच्या शेवटी होतं, "सगळे बोलून राहिले आबाजी, फक्त तुम्ही नाही बोलले. तुम्ही जे सांगाल ते मी करीन. ठेवू की विकू?"

मी इथे बालाघाटच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. लोक माझ्याकडे प्रश्न घेऊन यायचे आणि मी त्यांना पुस्तक काढून द्यायचो. उत्तर देणं हे माझं काम कधीच नव्हतं. मयुरीच्या प्रश्नालाही मी तेच केलं. पुस्तक शोधलं. मोटारींविषयीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक कॉलेजच्या रद्दीत निघालं होतं, ते मी घरी आणून ठेवलं होतं. शब्दकोश शेजारी घेऊन मी ते वाचायला बसलो. वाटलं, आधी समजून घेऊ, मग लिहू. पण जितकं वाचत गेलो तितकं लिहिणं पुढे गेलं.

त्या पुस्तकातल्या दोन गोष्टी मात्र डोक्यात पक्क्या बसल्या. एक, कॅम्बर. अशा गाड्यांची चाकं मुद्दाम वरच्या बाजूने आत कललेली ठेवतात, म्हणजे वळणावर टायर रस्त्याला घट्ट धरतो. दुसरी, टो. दोन्ही तळवे समोर उभे धरा. बोटांची टोकं थोडी आत वळली किंवा बाहेर फाकली, तर चाकांचं तसं होणं म्हणजे टो बिघडणं. कॅम्बर टायरला हळूहळू झिजवतो, टो खाऊन टाकतो. आणि दोन्ही मिळाले की झीज आतल्या कडेला होते. गाडीभोवती फिरून पाहणाऱ्याला टायर चांगला दिसतो, आणि आतून तो संपलेला असतो.

अशाच एका शनिवारी मयुरी गाडी घेऊन माझ्या दारात आली. मैत्रिणी जंगलातल्या मुक्कीला जमणार होत्या, बैहरचा घाट चढून तिला तिकडे जायचं होतं. गाडी आधीच्या मालकाने शर्यतीच्या मैदानासाठी लावलेली होती आणि चालवताना डावीकडे ओढत होती, म्हणून जाण्याआधी चाकांची अलाइनमेंट करून घ्यायची होती. शेजारच्या सीटवर तिने नागपूरहून आणलेला एक नवा टायर ठेवला होता आणि त्याला सीटचा पट्टा बांधला होता.

"एकच भेटला या साइजचा," ती म्हणाली. "जो सर्वात खराब असेल त्याच्या जागी टाकते. तुम्ही येता ना, आबाजी? अश्विनच्या दुकानात."

सीटवर टायर बसला होता, म्हणून मी पायी निघालो. दुकान माझ्या घरापासून दूर नाही. ती पत्राविषयी काही बोलली नाही. मीही नाही.

अश्विन तिशीतला आहे. त्याचे आजोबा आमच्यासारखेच भंडाऱ्याकडून आलेले, पण तो हिंदीतच वाढला. मराठी त्याला समजते. म्हणजे आम्हां दोघांचाही तसा समज होता.

गाडी दुकानातल्या तपासणीच्या खड्ड्यावर चढली, चारही चाकांना पकडी लावल्या, आणि पडद्यावर आकडे उमटले. बरेचसे लाल. अश्विनने मागून गाडीकडे पाहिलं.

"दीदी, ये तो शराबी के पैर हैं. दोनों घुटने अंदर."

"शर्यतीची सेटिंग आहे. कॅम्बर थोडा कमी कर, पूरा मत निकालना. वळणावर पकड पाहिजे."

"मैं तो सब हरा करूँगा. लाल छोड़ा तो लोग बोलेंगे अश्विन को काम नहीं आता."

"हरा कंपनी का है. चलाना मेरे को है."

दोघं वाद घालत राहिले. मला माहीत होतं की दोघांचंही थोडं बरोबर आहे. कॅम्बर तिच्या म्हणण्याप्रमाणे थोडा ठेवला तरी चालेल, टो मात्र सरळच हवा. हे मी मनात दोनदा जुळवलं आणि मग म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की मयुरीने वळून विचारलं, "काय म्हणाले, आबाजी?"

"टो. तो सरळ पायजे. टायर टो खाते."

अश्विन हसला. "दादाजी को मालूम है."

"तुम्हाला कसं माहीत?" मयुरी म्हणाली.

"वाचलं."

ती माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बाहेर रस्त्यावर गेली.

अश्विनने मागच्या चाकांचे बोल्ट सैल करून टो सरळ केला, कॅम्बर तिच्या म्हणण्याइतका ठेवला. डावं मागचं चाक सर्वांत जास्त फाकलेलं होतं. कुठल्या तरी खड्ड्यात आदळून त्याचा बोल्ट सरकला होता. तो पडद्याकडे तोंड करून उभा असताना मी मागे गेलो, वाकलो, आणि डाव्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवला. मला कोणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात लिहिलं होतं म्हणून. बाहेरून नक्षी शाबूत होती. आत हात गेला तसा रबर गुळगुळीत लागला, मग खरखरीत, आणि मग बोटात काही तरी टोचलं. तार होती. टायरच्या पोटातली पोलादी तार बाहेर आली होती.

त्याच वेळी कॉम्प्रेसर सुरू झाला. मी मोठ्याने म्हणालो, "अश्विन, डाव्या मागच्याले आतून तार निघाली."

"कौन सा?" त्याने मान न वळवता विचारलं. "डावा?"

"हौ. डावा."

"पीछेवाला ना?"

"हौ."

"ठीक है दादाजी, नया उसी में डालते हैं."

मला फार बरं वाटलं. वेळेवर बोललो आणि बोललेलं ऐकलं गेलं, हे माझ्या बाबतीत नेहमी घडत नाही. अश्विनने मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि चहा मागवला. टायर बदलताना मी पाहिलं नाही. कोणाच्या कामावर उभं राहून नजर ठेवणं मला त्याचा अपमान केल्यासारखं वाटतं.

मयुरी निघाली तेव्हा सीट रिकामी झाली होती. तिने काच खाली केली. "उद्या येते वापस. तेव्हा तुम्हाला बसवते, नाही म्हणायचं नाही." ती आणखी काही तरी बोलणार होती असं वाटलं. मग तिने गाडी काढली. तो आवाज भरवेलीच्या दिशेने बराच वेळ ऐकू येत राहिला, माझ्या कानांनाही.

माझा चहा संपायचा होता. काढलेला टायर भिंतीला टेकून ठेवला होता. ती तार आपण खरंच पाहिली की नुसती वाटली, अशी शंका मला आली. अशा शंका मला दिवसभर येत असतात, म्हणून मी ती फारशी मनावर घेतली नाही. कप खाली ठेवला आणि टायरच्या आत हात घातला. आतली कड गोटा झाली होती, नक्षीचं नावही उरलं नव्हतं. पण गुळगुळीत होती. मी टायर फिरवत गेलो, पूर्ण फेरा केला. कुठेच तार लागली नाही.

मी पुन्हा एक फेरा केला.

"अश्विन, हा कोणता टायर?"

"वही, जो आपने बोला. दायाँ." आणि बोलता बोलता त्याने स्वतःचा उजवा हात वर केला.

आता मी त्याचा नुसता शब्द ऐकत नव्हतो, हात पाहत होतो. म्हणून समजलं.

"मी डावा म्हटलं," मी म्हणालो. "डावा म्हणजे बायाँ."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "दादाजी, मैंने दो बार पूछा. दायाँ? आपने बोला हौ."

ते खरं होतं. त्याने दायाँ विचारलं, मी डावा ऐकलं. मी डावा सांगितलं, त्याने दायाँ ऐकलं. आणि दोघांनी एकमेकांची खात्री करून घेतली होती.

"पर इसका भी तो अंदर से गोटा था," तो म्हणाला. "मैंने देखा, गोटा है, मैंने सोचा यही."

"याले तार नाही."

त्याने स्वतः हात फिरवून पाहिला. मग खिशातून फोन काढला. मयुरीचा फोन वाजत राहिला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजलाच नाही. क्षेत्राबाहेर गेल्याचं फोनमधली बाई सांगू लागली.

आता माझी नेहमीची खोड सुरू झाली. मी गाडीच्या मागे उभा होतो की पुढे? पुढे उभा असलो तर माझा डावा तो गाडीचा उजवा. मग बदलला तोच बरोबर. गाडी जिथे उभी होती तिथे मी जाऊन उभा राहिलो, वाकलो, हात पुढे केला. मागेच होतो. तरी वाटलं, तार नसेल, काटा अडकला असेल रबरात. मी बोट पाहिलं. टोचल्याची लाल खूण होती, पण काट्यानेही तेवढीच होते.

"टायर तार पे भी चल जाता है कभी कभी," अश्विन म्हणाला. "सीधे रोड पे."

घाटात सरळ रस्ता नाही. उजव्या वळणावर गाडीचा सगळा भार डाव्या चाकांवर जातो, हे मी वाचलं होतं. आणि तिला तर वळणं घेण्यासाठीच कॅम्बर ठेवून दिला होता.

"चल," मी म्हणालो.

मी मोटरसायकलवर बसत नाही. त्या दिवशी बसलो. अश्विनने मला त्याचं हेल्मेट घातलं, ते डोळ्यांवर येत होतं, आणि मी त्याचा शर्ट दोन्ही मुठींत धरला. भरवेलीला मॅंगनीजच्या ट्रकांची रांग होती. काळी धूळ तोंडात जात होती. अश्विन ट्रक आणि कडेची माती यांच्या मधून गाडी काढत होता आणि मी डोळे मिटत होतो. पण डोळे मिटले की निळी गाडी दिसायची, म्हणून उघडे ठेवले.

मला मनापासून वाटत होतं की माझीच चूक झालेली असावी. वर गेल्यावर कळावं की डावा टायर ठीक आहे, म्हातारा उगीच घाबरला. सगळे हसतील, आणि मयुरी गावभर सांगेल. ते मला चाललं असतं.

जंगल सुरू झालं तसं एका वळणावर उताराच्या बाजूला झाडीत निळं काही तरी पडलेलं दिसलं. मी अश्विनच्या पाठीवर हात मारला. त्याने ब्रेक लावला, गाडी खडीवर घसरली. आम्ही दोघं उतरून कडेपर्यंत गेलो. कुणीतरी फेकलेली निळी ताडपत्री होती. अश्विनने मोटरसायकल पुन्हा सुरू केली. मग म्हणाला, "बैठिए."

चढ सुरू होण्याआधी वनखात्याचा जाँच नाका आहे. बांबू आडवा होता आणि बांबूच्या मागे लाकडाचा ट्रक उभा होता. नाकेदार कागद तपासत होता. अश्विनने कडेने गाडी घालायचा प्रयत्न केला.

"ए हीरो," नाकेदार म्हणाला. "बुजुर्ग को हेल्मेट और खुद नंगे सिर? उधर लगा."

"साहब, जल्दी है—"

"सबको जल्दी है."

अश्विन वाद घालू लागला. मला दिसलं की हे लांबणार. नाक्याच्या खोलीत टेबलावर वायरलेसचा संच होता, त्याचा आवाज खरखरत होता. मी मोटरसायकलवरून उतरलो. गणवेशातल्या माणसाशी मी आपणहून कधी बोलत नाही; बोलावं लागलंच तर वाक्य घरून तयार करून नेतो. आता वाक्य तयार नव्हतं. त्याच्या छातीवर घनश्याम असं नाव होतं.

"घनश्यामजी," मी म्हणालो. "एक नीली गाड़ी गई क्या? छोटी."

"गई. बहुत आवाज कर रही थी. लड़की चला रही थी."

"वो मेरी नातिन है. उसको रोकना है. ऊपर नाका है ना?"

"घाट के ऊपर है." त्याने कागद खाली केले. "किस बात पे रोकें, बाबूजी? घर से भागी है?"

"नहीं. उसका टायर फटनेवाला है."

"आपको नीचे बैठे कैसे पता?"

मी बोट दाखवलं. त्यावर काय दिसणार होतं कोण जाणे. पण तो बोटाकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहत होता, आणि तो खोलीत गेला. मी मागोमाग गेलो. त्याने वरच्या नाक्याला आवाज दिला. नुसती खरखर. पुन्हा दिला. तिकडून कोणी तरी बोललं.

"एक नीली गाड़ी आएगी, रोक के रखना. टायर खराब है." मग तो माझ्याकडे वळला. "कौन सा चक्का? पूछ रहा है."

तोंडात "डावा" आला होता. मी तोंड मिटलं. डावा हात वर केला.

"ये. बायाँ. पीछे का."

"ये?" तोही हात वर करून म्हणाला. तो माझ्या समोर उभा होता, आणि त्याने आरशात उठावा तसा उजवा हात उचलला होता.

मी टेबलाला वळसा घालून त्याच्या शेजारी, त्याच्याच दिशेला तोंड करून उभा राहिलो. त्याचा डावा हात धरून वर केला. असं मी आजवर कोणाच्या अंगाला हात लावून काही सांगितलं नाही.

"ये वाला," मी म्हणालो. "बोलिए."

"बायाँ," तो म्हणाला. "पीछे का बायाँ. ड्राइवर के उल्टी तरफ."

"हौ."

त्याने ते तसंच वर सांगितलं. तिकडून उत्तर आलं, "अभी तक कोई गाड़ी आई नहीं."

घनश्यामने माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आ जाना चाहिए था," असं तो स्वतःशीच बोलला असावा, पण मला ऐकू आलं. नेमकं नको तेव्हा ऐकू येतं. अश्विन दारात उभा होता. ट्रकवाल्याने हॉर्न दिला, कोणी हललं नाही. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो. वाटलं, या मुलीने विचारलं होतं, ठेवू की विकू. त्याच आठवड्यात विकून टाक असं लिहिलं असतं, तर आज ही गाडी दुसऱ्या कोणाची असती.

संचातून आवाज आला. एकाऐवजी दोन आवाज होते, एक मागून भांडत होता.

"रोक ली है," वरचा माणूस म्हणाला. "लड़की पूछ रही है किस कानून से रोका. क्या बोलूँ?"

घनश्याम म्हणाला, "बोल, नाना का कानून है." आणि बाहेर जाऊन त्याने बांबू वर केला.

आम्ही वर पोचलो तेव्हा मयुरी गाडीला टेकून, हाताची घडी घालून उभी होती. मला पाहून तिचा राग गेला आणि रंगही गेला. "आबाजी? आईला काही झालं का?"

"नाही. तुले काही नाही झालं ना?"

"मला काय होणार? खाली एका जागी थांबून फोटो काढत होती, मग इथे या लोकांनी पकडलं."

मी डाव्या मागच्या चाकाजवळ बसलो आणि आत हात घातला. सकाळी एक तार होती. आता तिथे तारांची दाढी वाढल्यासारखं झालं होतं. त्याच्या पुढे, कडेच्या जरा वर, लिंबाएवढा फुगा आला होता. मी हात काढून घेतला आणि तिला जागा दिली.

तिने नवे कपडे घातले होते. ती तशीच धुळीत पाठीवर झोपली, फोनचा उजेड लावला आणि गाडीखाली सरकली. आतली कड बोटांनी चाचपत गेली. मग म्हणाली, "अश्विन, तू कोणता बदलला?"

"दायाँ."

"का?"

अश्विनने सांगितलं. मी सांगितलं. दोघं एकदम सांगत होतो. ती गाडीखालून बाहेर आली, केसांत माती, आणि बसल्या बसल्या म्हणाली, "डावा... दायाँ." पुन्हा एकदा तेच म्हणाली. "मी पण दायाँच ऐकली असती, आबाजी."

"ग़लती मेरी है, दीदी. निकाला तो तार देखनी थी."

"माझीच," मी म्हणालो. "तुले हात दाखवाले पायजे होता."

"मी स्वतः कुठे पाहिलं?" मयुरी म्हणाली. "मी बाहेर फोनवर होती. गाडी कोणाची आहे?"

चाक काढून अश्विनने मोटरसायकलला बांधलं आणि तो खाली गेला. बालाघाटात त्या मापाचा टायर मिळणार नव्हता. काढून ठेवलेला गोटा टायर चढवून हळूहळू घरी परतायचं, मुक्की राहू द्यायची, असं ठरलं. आम्ही दोघं नाक्याच्या ओट्यावर बसून राहिलो. नाक्यावरच्या माणसाने चहा दिला. तिच्याशी आता त्याचं चांगलं जमलं होतं.

मयुरी उठली आणि उरलेल्या तीन चाकांना एकेक करून आतून हात लावून आली. घाईने नाही, पूर्ण कड, जिथवर हात पोचेल तिथवर. परत येऊन काळे झालेले हात पाहत बसली.

"आबाजी, माझं पत्र मिळालं होतं ना?"

"हौ."

"मग?"

"वाचून राह्यलो होतो."

"पत्र?"

"नाही. गाडीचं पुस्तक."

ती हसली. मग तिला ते सगळं समजलं असावं, कारण हसणं अर्ध्यावर थांबलं. "इतके महिने?"

"मोठं हाय."

"मग काय ठरलं?"

तिथेच सांगता आलं असतं. पण समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोललेलं वाक्य मला नंतर दुरुस्त करता येत नाही. "लिहीन," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

अश्विनने तो टायर आणून चढवला, आणि परत येताना मी तिच्या शेजारी बसलो. सीट इतकी खाली होती की ट्रकांची चाकं डोळ्यांसमोरून जात होती. पूर्ण घाट ती बैलगाडीच्या वेगाने उतरली.

दुसऱ्या दिवशी मयुरी नागपूरला गेली आणि ललिता वारासिवनीहून आली. तिला सगळं कळलं होतं. ती आत येऊन बसलीही नाही.

"बाबा, आता तरी लिहा तिले. विकून टाक म्हणा. आमचं ऐकत नाही ते, तुमचं ऐकते. तुम्ही सोताच्या डोळ्यानं पाह्यलं ना?"

"हौ."

"मग झालं. आजच लिहा."

तिने माझा "हौ" उचलला आणि विषय संपवला. मी पाहिलं होतं, एवढ्याचसाठी तो "हौ" होता. एरवी मी गप्प राहिलो असतो. कालचा "हौ" मला आठवत होता.

"ललिता," मी म्हणालो, "तो हौ पाह्यल्याचा होता. विक म्हणून मी लिहिणार नाही."

"काहून?"

"चाक चुकीचं आम्ही बदललं. गाडीनं नाही."

"आणि उद्या काही झालं तर? कोण जिम्मेदार? तुम्ही?"

याचं उत्तर "हौ" असं होतं, पण ते बोलायला मला थोडा वेळ लागला. "हौ," मी म्हणालो. "मी."

ती चहा न घेता गेली. ललिताचं चूक होतं असं मला अजूनही वाटत नाही. त्या मुलीला विकायला सांगितलं तर ती विकेल, आणि मग मी निवांत झोपेन. पण मला ती धुळीत झोपलेली दिसत होती, आणि नंतर कोणी न सांगता बाकीच्या चाकांना हात लावून आलेली. पुस्तक वाचून जे मला कळलं होतं, ते तिला तेवढ्यात हातांनी कळलं होतं. जी मुलगी आपली चूक पाहायला गाडीखाली जाते, तिच्याकडून गाडी काढून घ्यायची कशाला, हे मला समजत नव्हतं.

मी कागद घेतला. पहिलं वाक्य लिहिलं: मयुरी, गाडी ठेव. वाचून पाहिलं. मग खाली लिहिलं: विकू नको. तरी समाधान होईना, म्हणून हिंदीत लिहिलं: गाड़ी रखो, बेचना मत. तिन्ही वाक्यांचा अर्थ एकच निघतो याची खात्री करून घेतली. उलटा अर्थ कोणाला काढता येतो का, तेही पाहिलं. मग लिहिलं की दर वेळी निघण्याआधी चारही चाकांना आतून हात लाव, कोणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नको, माझ्याही नाही. टो सरळ आहे ना हे पावसाळ्यानंतर एकदा तपासून घे. आईवर रागावू नको. एवढंच लिहिलं. आणखी दोन पानं मनात होती, ती लिहायला बसलो असतो तर पत्र पुन्हा टेबलावर राहिलं असतं.

पाकीट चिकटवून मी पोस्टाबाहेरच्या पेटीपाशी गेलो. पेटीच्या तोंडात पाकीट अर्धं घातलं आणि थांबलो. ललिताचा प्रश्न आठवला, तो फुगा आठवला. पाकीट अजून माझ्या बोटांत होतं, ओढून घेता आलं असतं. मागे एक माणूस त्याचं पाकीट घेऊन उभा होता.

"डालिए ना, बाबूजी," तो म्हणाला.

मी सोडलं.